अर्धा सूत पत्रा

उडालं का, हेच सगळे आधी विचारतात. म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकते. हातभर वर गेलं आणि खाली बसलं. ज्याला एवढंच हवं होतं त्याने आता खुशाल उठावं. मला सांगायचं आहे ते त्या विमानाच्या पत्र्याचं आणि कप्प्यांचं, आणि त्या पत्र्यावर घण मारणाऱ्या बाईचं. ती बाई मी.

दुसरं महायुद्ध लागायच्या आधीची गोष्ट. नंदुरबारात कापसाच्या जिनच्या मागच्या अंगाला आमचं लोहाराचं घर होतं. सासरे नांगराचे फाळ करायचे, गाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे, मोटेची कडी-कप्पी करायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, जिनमध्ये फिटर होता. त्याला मी जन्मात कधी अरे-तुरे केलं नाही, पण लिहिताना ‘हे’ आणि ‘यांनी’ करत बसले तर कोण कुठला ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून नवराच म्हणते. सासऱ्यांना झालेल्या लेकरांपैकी हे एकच हाती लागलेलं. बाकीची देवीत आणि तापात गेली. त्यामुळे हा मुलगा विहिरीत वाकून पाहत असला तरी सासऱ्यांच्या हातातली सांडशी थांबायची.

आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर बोलत नसे. पदर नाकापर्यंत, तोंडातून शब्द नाही, आणि त्यांच्यादेखत नवऱ्याशीही नाही. पण लोहाराचं काम एकट्याचं नसतं. एकजण तापलेलं लोखंड ऐरणीवर धरतो आणि दुसरा घण मारतो. आधी सासूबाई मारायच्या. त्या गेल्यावर घण माझ्याकडे आला. म्हणजे तोंड उघडायचं नाही पण घण उचलायचा, ही आमच्या घरची मर्यादा! मला तेव्हाही हसू यायचं आणि आता जास्त येतं. सासऱ्यांच्या हातातली लहान हातोडी जिथे टेकेल तिथे मी घण घालायचा. त्यांनी ऐरणीवर दोनदा टिकटिक केलं की थांबायचं. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आम्हा दोघांत एवढंच बोलणं झालं.

विमानाचं खूळ आलं ते प्रकाशा गावाच्या बाजूने. तापीकाठच्या एका शेतात एका साहेबाचं विमान खाली उतरलं. तेलाची नळी फुटली होती. जिनमधून नवऱ्याला बोलावून नेलं, त्याने नळी झाळून दिली, साहेब हात हलवून उडून गेला. गोष्ट तिथेच मिटायची, पण साहेब उपकार विसरला नाही. त्याने टपालाने एक इंग्रजी मासिक पाठवलं. घरच्या घरी एका माणसापुरतं विमान कसं करायचं, त्याचे नकाशे त्यात होते. नवऱ्याला इंग्रजी आकड्यांपुरतं येत होतं, आणि नकाशाला भाषा लागत नाही असं त्याचं म्हणणं होतं. लोकांच्या अंगात देवी येते, याच्या अंगात विमान आलं.

जिनचे शेठ मारवाडी. गादीवरून उठून शहाद्याच्या पलीकडे ते कधी गेले नसतील, पण त्यांनाही हौस. त्यांच्या मुलाने आपटून ठेवलेल्या मोटारसायकलचं इंजिन त्यांनी देऊन टाकलं आणि हंगाम नसताना रिकामी पडणारी एक शेड दिली. उडालं तर जिनचं नाव पंखावर रंगवायचं, एवढीच अट. लाकडाचा सांगाडा सुताराने केला. पंखांवरचं कापड मी शिवलं. राहिलं लोखंड. लोखंड सासऱ्यांकडे आलं.

पंख सांगाड्याला धरून ठेवायला पत्र्याचे कोन लागतात, पट्ट्या लागतात, बिजागऱ्या लागतात. बसणाऱ्याच्या हातातल्या दांड्यापासून आणि पायापासून बारीक पोलादी तारा शेपटीपर्यंत आणि पंखांपर्यंत जातात. त्या जिथे वळतात तिथे कप्प्या लागतात. तार कप्पीतून निसटली तर विमान कुणाचं ऐकत नाही. हे सगळं नवऱ्याने मला चुलीपुढे बसून राखेत रेघा ओढून समजावलं. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, “मंग ते पडी जाई?” तर म्हणाला, “सगळं नकाशाप्रमाणे व्हयनं तं नही पडाव.”

नकाशाप्रमाणे पत्रा हवा होता अर्धा सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि त्याचा अर्धा म्हणजे जवळजवळ काहीच नाही. आमच्याकडे होते जिनच्या भंगारातले जाड तुकडे. ते तापवून, घण मारून पातळ करायचे, मग कापायचे, कानसायचे. पहिला तुकडा ऐरणीवर आला. मी मारत गेले. तुकडा पसरत गेला. एक सूत झाला असेल-नसेल तोच टिकटिक झाली. थांबा.

संध्याकाळी नवऱ्याने माप लावलं. “बाबा, हाई दुप्पट जाड शे.”

सासऱ्यांनी तुकडा उलटा-सुलटा करून पाहिला. “इतला पातय पत्राना तं डबा बी कोनी करत नही.”

“नकाशामा तसंच शे.”

“बरं,” सासरे म्हणाले. ते नेहमी बरंच म्हणायचे. भांडण करायला तरी समोरच्याने नाही म्हणावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुसरा तुकडा तापला, मी मारला, आणि एका सुतावर पुन्हा टिकटिक. त्यांना जमत नव्हतं असं नाही. देवीच्या टाकाइतका पातळ पत्रा त्यांनी त्याच ऐरणीवर काढलेला मी पाहिला होता. पण त्या पत्र्यात लेक बसणार नव्हता.

कप्प्यांचं तर विचारूच नका. सासऱ्यांनी आयुष्यभर मोटेच्या कप्प्या केलेल्या. पाण्याने भरलेली मोट, खाली खोल विहीर, दोर तुटला किंवा निसटला तर बैलासकट अनर्थ. त्यामुळे कप्पी म्हणजे जाड कान, खोल खाच आणि मधे बोटाएवढा आस, हेच त्यांच्या हाताला ठाऊक. नवऱ्याने सांगितल्या होत्या रुपयाएवढ्या. त्यांनी दिल्या वाटीएवढ्या, लोखंडाच्या. नवऱ्याने एक तळहातावर घेतली तर हात खाली गेला.

“हाई विमान शे बाबा, विहीर नही.”

“पडानं तं सारखंच शे,” सासरे म्हणाले.

त्या दिवशी बाप-लेकांत जुंपली. म्हणजे नवरा बोलला आणि सासरे बरं म्हणाले. नवऱ्याने कप्प्या उचलून अंगणात फेकल्या. कोंबड्या उधळल्या. सासऱ्यांनी त्या एकेक करून वेचल्या, धोतराला पुसल्या आणि फळीवर ठेवल्या. तिथून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. एका घरात, एका ताटलीतली चटणी खाऊन.

आणि मग निरोप्या कोण? जिला बोलायची परवानगी नाही ती! सासरे भात्याकडे तोंड करून म्हणायचे, “सांगा रे कोनी त्याले, मानूस बठनार शे त्यामा, कापूसनं गाठोडं नही.” मी भाता ओढत असायचे, नवरा हातभर अंतरावर कानस मारत असायचा. त्याने ऐकलेलंच असायचं. तरी रात्री सासरे झोपले की तो मला म्हणायचा, “बाबा काय म्हनी ऱ्हायनात?” आणि मी सांगितलं की म्हणायचा, “त्यास्ले सांग, जडपना व्हयना तं ते उठनारच नही.” सांग म्हणे! कसं सांगू? पदर नाकापर्यंत ओढून कुणाला विमानशास्त्र सांगता येतं का? मला दोघांचाही संताप यायचा. दोघंही खरं बोलत होते, हा त्यातला सगळ्यात मोठा वैताग.

एकदा मात्र मी सांगितलं. पंखाच्या मुख्य कोनाचा पत्रा ऐरणीवर होता. मी मारत होते. टिकटिक झाली. मी थांबले नाही. अजून एक घाव घातला. सासऱ्यांनी पुन्हा ऐरणीवर हातोडी वाजवली, जरा जोराने. मी अजून एक घातला, आणि अजून एक. लाल पत्रा पसरत होता, पातळ होत होता, अगदी अर्ध्या सुताजवळ आला असेल. सासऱ्यांनी मान वर करून माझ्या पदराकडे पाहिलं. रागावले नव्हते. एखाद्या मुलाने मस्करीत दगड मारावा आणि तो खरंच लागावा, तसं काहीसं त्यांच्या तोंडावर होतं. त्यांनी सांडशी मागे ओढली आणि तुकडा विझवायला पाण्यात घातला. मी घण खाली टेकवला. ज्याच्यासाठी मी भांडत होते तोच ह्या पत्र्यावर लटकणार, हे मला त्या क्षणी कळलं. मी नवऱ्याच्या बाजूने मारलं होतं आणि मनातून सासऱ्यांच्या बाजूला जाऊन पडले होते.

दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक नवं कोरं उलथनं ठेवलेलं होतं. त्याच पत्र्याचं. विमानात तो पत्रा गेला नाही. पुढे कितीतरी वर्षं मी त्याने भाकरी उलटल्या, आणि ते कधी वाकलंसुद्धा नाही.

सांगाडा उभा राहिला तसं नवऱ्याने सगळे लोखंडी भाग जिनच्या काट्यावर नेऊन तोलले. घरी आला तो काळवंडून. इतक्या वजनाला ते इंजिन विमान उचलणार नाही म्हणाला. नवीन पत्रा करायला वेळ नव्हता, जिनचा हंगाम तोंडावर आला होता, शेड रिकामी करून द्यायची होती. मग मासिकात त्याला एक उपाय सापडला. पत्र्यांना आणि कप्प्यांच्या अंगाला गोल गोल भोकं पाडायची. ताकद तेवढीच राहते, वजन कमी होतं. त्याने खडूने प्रत्येक भागावर गोल काढले आणि सगळा ढीग सासऱ्यांपुढे नेऊन ठेवला. किती दिवसांनी तो त्यांच्याशी थेट बोलला. “बाबा, आठे भोक पाडनं शेतस.”

सासऱ्यांना वाटलं पोरगा चेष्टा करतोय. “भोक बुजाडाना धंदा शे मन्हा,” ते म्हणाले, “भोक पाडाना नही.”

“बाबा, पाय पडस तुन्हा.”

आणि खरंच वाकला तो. माझ्यादेखत. तेव्हा मी पदराच्या आत रडले, तिथे कुणाला दिसत नाही, पदराचा तेवढा एक फायदा. सासरे ‘बरं’ म्हणाले, पण या वेळी त्यांचं ‘बरं’ वेगळं होतं. त्यांनी भोकं पाडली. एक न सोडता, खडूच्या रेघेवर, नीट गोल. लेकाच्या जिवावर एकेक भोक पाडताना त्यांचा हात कसा चालला असेल ते त्यांचं त्यांना माहीत. मी फक्त पत्रा धरत होते. नवरा समाधानाने जिनमध्ये गेला. दोन-चार दिवस त्याला तिकडे रात्रपाळी होती.

तो परत आला तेव्हा सगळे भाग शेंदरी रंग लावून तयार होते. काट्यावर घातले. वजन आधीपेक्षा जास्त भरलं.

आधी त्याने काट्यालाच शिव्या घातल्या. मग एक भाग हातात घेऊन खिडकीशी गेला. चामड्याच्या मोटेला दोरासाठी भोक पाडलं की त्याच्या काठाला लोखंडी कडं बसवतात, नाही तर भोक तिथून फाटत जातं. सासऱ्यांनी प्रत्येक भोकाला तसं कडं बसवलं होतं, रिपीट म्हणजे रिव्हेटचे खिळे मारून, दोन्ही अंगांनी.

“काठ फाटी जाई नही तं,” सासरे म्हणाले. त्यांना मनापासून वाटत होतं की पोरगा खूश होईल. भोकही राहिलं आणि धोकाही गेला.

नवरा खाली बसला. आधी हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग हसणं कुठे संपलं ते मला कळलं नाही. कडी काढायची तर रिपीट तोडावे लागणार, पत्रा खराब होणार, दिवस उरले नव्हते. तसंच चढवायचं ठरलं. सगळं दोघांच्या तीन-चार वाक्यांत संपलं, आणि त्यात मला विचारायचा प्रश्नच नव्हता.

लोणखेड्याकडे एका गुजर शेतकऱ्याने आपलं सपाट रान दिलं. त्या साली ते पडीक ठेवलेलं होतं, जमीन कडक झाली होती. पंख काढून बैलगाड्यांवर विमान तिकडे नेलं. बाजाराला यावी तशी माणसं आली. डोंगरातून पावरा आदिवासी माणसंही आली होती, ती लांब एका निंबाखाली शांत बसून राहिली. बाकीचे मात्र शेंगा खात होते आणि मोठमोठ्याने ज्ञान पाजळत होते. नवरा आत बसला. दांडा हलवला की तारा कप्प्यांतून सुळसुळ जायच्या आणि शेपटी हलायची. सासऱ्यांनी प्रत्येक कप्पीला बोट लावून पाहिलं. तार कुठे निसटते का, कुठे घासते का. त्या वाटीएवढ्या कप्प्या मात्र एकदम लोण्यासारख्या चालत होत्या.

इंजिन लागलं. विमान धुरळा उडवत गेलं, दूर बांधापर्यंत गेलं, थांबलं, वळलं, परत आलं. पुन्हा गेलं. माझे हात पदरात गच्च झाले होते. वर जा म्हणू की जाऊ नको म्हणू, हेच मला कळत नव्हतं, म्हणून मी नुसतं देवाचं नाव घेत होते, त्याने काय ते ठरवावं म्हणून. पुन्हा एकदा गेलं तेव्हा चाकं जमिनीवरून सुटली. खरंच सुटली, मी पाहिलं. चाकांखालून पलीकडची माती दिसली. आणि मग दमलेल्या म्हशीसारखं ते खाली बसलं. इंजिनातून धूर निघाला. संपलं.

लोक हळहळले, काही हसले, शेंगांची टरफलं टाकून घराकडे निघाले. नवरा उतरून चालत आमच्याकडे आला. तोंडभर धूळ. शेठना उद्देशून म्हणाला, पण ऐकवायचं होतं ते वेगळ्यालाच. “एकटा नव्हतू मी. बाबा मन्हा मांडीवरच बठेल व्हता.”

आणि सासरे हसले. कुत्सित नव्हे, खोडसाळ नव्हे. पोरगा चालत आला, दोन्ही पायांवर, म्हणून हसले. तोंडात दात नव्हते तरी पूर्ण तोंड उघडून. मी त्यांना एवढं मोकळं हसताना पूर्वी पाहिलं नव्हतं. नवऱ्याने ते हसू पाहिलं. त्या क्षणी त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की हे हसू तुझ्या विमानाला नाही रे. मी सांगायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. चारचौघांत, सासऱ्यांसमोर, मी? रात्री घरी सांगितलं तर त्याने तोंड भिंतीकडे केलं.

मग युद्ध लागलं. दूर दक्षिणेत विमानं दुरुस्त करण्याचा मोठा कारखाना निघाला होता, तिकडे फिटर हवे होते. तो गेला. मला नंतर नेतो म्हणाला. सासऱ्यांनी अडवलं नाही. कशाच्या जोरावर अडवणार होते? मी घण मारत राहिले, ते टिकटिक करत राहिले. फाळ, धावा, विळे. शेठच्या शेडच्या एका कोपऱ्यात विमान धूळ खात होतं आणि कापसाचा हंगाम आला की त्याच्यावर गाठोडी रचली जायची.

पहिल्या रजेवर तो आला तेव्हा अंगाने भरला होता, आवाज मोकळा झाला होता. बापाशी नीट बोलला. राग उरला नव्हता, आणि रागापेक्षा ते मला जास्त लागलं. रागावलेला माणूस निदान घरात असतो. जायच्या दिवशी त्याने खिशातून पत्र्याचा एक चौकोनी तुकडा काढून सासऱ्यांच्या हातात ठेवला. अल्युमिनियमचा. आम्ही त्याला जर्मन म्हणायचो, त्याची भांडी बाजारात यायची.

सासऱ्यांनी तो बोटांत धरला. दोन बोटांनी दाबला. तो वाकला.

“हाई तं भाताना टोपनं जर्मन,” ते म्हणाले.

“सगळं अंग ह्यानंच ऱ्हास बाबा. मोठमोठा विमानस्नं.”

“आनि तू?”

“दुरुस्त करं का मंग आम्हलेच आत बठीसन वर जानं पडस. ज्यानी केलं त्यानी बठानं, असा कायदा शे तठे.” त्याने हे हसत सांगितलं. त्याला त्याचा अभिमान होता.

“हायामा बठस तू?”

“हो बाबा.”

सासऱ्यांनी तो तुकडा पुन्हा दाबून पाहिला. बरंसुद्धा म्हणाले नाहीत. दाराशी टांगा येऊन थांबला होता. नवरा ट्रंक उचलून बाहेर गेला, टांगेवाल्याशी बोलायला लागला. घरात आम्ही दोघंच उरलो. सासऱ्यांच्या हातात तो वाकलेला तुकडा होता. त्यांनी भात्याकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळले. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी मला हाक मारली, पोर म्हणून.

“पोर, तू सांग त्याले. नको जाऊ म्हन. मन्हं तो ऐकस नही.”

मी पदर वर केला. त्यांचं तोंड मी इतक्या जवळून, इतकं उघड कधी पाहिलं नव्हतं. उत्तर द्यायला मला आता कुणाची मनाई नव्हती.

“मन्हं बी ऐकस नही, बाबा,” मी म्हटलं.